नेटच्या केबलमधून वीज : आपल्या मदतघंटीची जडणघडण



गेल्या श्रावणातल्या एका संध्याकाळी वाचनालयाच्या जिन्यात आपल्या एका ज्येष्ठ सभासद बाईंना घेरी आली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पाऊस जोरात होता, लाइट गेलेली होती आणि खाली हॉलमध्ये भजन रंगात आले होते. जिन्याच्या वळणावर आपण दोन वर्षांपूर्वी बसवलेली बिनतारी घंटी होती. बाईंनी ती दाबली, पण ती वाजली नाही. पुस्तक परत करायला आलेल्या एका मुलाला त्या दिसल्या, तोवर पंधरा-वीस मिनिटे गेली होती. फार लागले नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी, म्हणजे इमारत समितीने, तपास केला. लाइट गेली म्हणून घंटी वाजली नसेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात घंटीचा जो भाग ऑफिसात वाजतो, त्याचा ॲडॅप्टर सॉकेटमध्ये नव्हताच. कोणीतरी मोबाइल चार्ज करण्यासाठी तो काढून टेबलाच्या खणात ठेवला होता. किती दिवसांपूर्वी, ते कोणालाच सांगता आले नाही. म्हणजे लाइट असती तरी घंटी वाजली नसती, आणि ती बंद आहे हे कळण्याचा काही मार्गही नव्हता. या दुसऱ्या गोष्टीने आम्ही जास्त अस्वस्थ झालो.

त्यानंतरच्या गणपतीत आपल्याच एका सभासदांची मुलगी सुटीवर घरी आली होती. लहानपणी मंडळाच्या बालनाट्यात तिने उंदराचे काम केले होते. आता ती बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक उपकरणे तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. तिला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "काका, घंटीला ॲडॅप्टर हवाच कशाला? नेटची केबल तिथवर नेता येते ना? तिच्यातूनच वीज देऊ." पुढचे सहा महिने सुटीच्या दिवशी बसून तिने ही नवी मदतघंटी तयार केली. सुट्या भागांचा खर्च मंडळाने केला, मेहनत तिची.

खर्चाचा विषय सभेत आला तेव्हा दोन-तीन सभासदांनी विचारले, "नेटच्या वायरीत करंट सोडणार? मुले तिथे लॅपटॉप लावतात!" शंका अगदी रास्त आहे. याच इमारतीत एकदा एका स्वयंसेवकाच्या लॅपटॉपचे पोर्ट जळालेले आहे. तो किस्सा पुढे येईलच. सभेत दोन मिनिटांत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आमचे शिक्षण बी.कॉम., आयुष्य बँकेच्या लेजरात गेले. तेव्हा विजेच्या शास्त्रात आम्हाला अधिकार नाही. पण इथे दिलेला प्रत्येक हिशेब आम्ही स्वतः कागदावर मांडून पाहिला आहे.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. घरी काळा, डायलचा फोन असलेल्यांना आठवत असेल की लाइट गेली तरी फोन चालू असायचा. फोनला वेगळा प्लग नव्हताच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असत आणि तांब्याच्या ज्या दोन तारांवरून आवाज येई, त्याच तारांवरून वीजही येई. आज कॅमेरे, ऑफिसातले फोन, छतावरचे वाय-फायचे डबे याच तत्त्वावर चालतात. इंजिनियर मंडळी त्याला पॉवर ओव्हर ईथरनेट किंवा नुसते पीओई म्हणतात. आयईईई या संस्थेने २००३ साली त्याचे पहिले मानक ठरवले, त्याचे नाव ८०२.३ एएफ. पुढे २००९ मध्ये जास्त विजेचे ८०२.३ एटी आणि २०१८ मध्ये त्याहून मोठे ८०२.३ बीटी आले. आपल्या कामाला पहिलेच पुरेसे आहे.

वीज देणारे यंत्र म्हणजे नेटवर्क स्विच. हे भिंतीवरचे बटण नव्हे. बऱ्याच नेटच्या केबली एकत्र येतात ती पेटी. आपल्याकडे ती ऑफिसच्या कपाटात राहील. घंट्या एकूण सहा : जिन्याचे वळण, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक कक्ष, स्वयंपाकघर, महिलांचे प्रसाधनगृह आणि रंगमंचामागची खोली. त्या ऐकणारा सातवा डबा ऑफिसात.

पहिला प्रश्न आमचाच होता. घंटीच्या आतल्या चिपला जेमतेम ३.३ व्होल्ट लागतात, मग केबलमधून ४८ च्या आसपास व्होल्ट कशाला पाठवायचे? सरळ १२ पाठवा. तिने उत्तर न देता आमच्याकडेच कागद सरकवला. लांब केबलीचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरायचा, आणि घंटीला ६ वॅट हवेत. १२ व्होल्टने ६ वॅट म्हणजे अर्धा अँपिअर प्रवाह. अर्धा अँपिअर गुणिले २० ओहम म्हणजे १० व्होल्ट वाटेतच खर्च, पलीकडे उरले २. तेच ४८ व्होल्टने पाठवले तर प्रवाह साधारण एक अष्टमांश अँपिअर आणि वाटेतली गळती अडीच व्होल्टची. प्रवाह दुप्पट झाला की तारेतला तोटा चौपट होतो, म्हणून दाब जास्त आणि प्रवाह कमी ठेवायचा. मग २३० व्होल्टच का नको? कारण ६० व्होल्टच्या आतला डीसी दाब माणसाला धोक्याचा मानला जात नाही. मानकाने वरची मर्यादा ५७ व्होल्टची घातली आहे ती त्यामुळेच. घरच्या सॉकेटचा करंट या केबलीत कधीच नसतो. ज्यांनी सभेत धास्ती व्यक्त केली, त्यांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी चालेल.

मग त्याच तारांवरून निरोप कसे जातात? केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. निरोप जोडीतल्या दोन तारांमधल्या दाबाच्या फरकाने जातो. वीज मात्र त्या जोडीच्या दोन्ही तारांना सारखीच वर उचलते, आणि दुसरी जोडी परतीचा मार्ग होते. जिन्यावर दोन माणसे उभी आहेत आणि दोघे एकाच वेळी चार पायऱ्या चढले, तर त्यांच्या उंचीतला फरक तोच राहतो. तसेच हे. दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या मधल्या टोकातून वीज आत शिरते आणि बाहेर पडते. निरोपाला तिचा पत्ताही लागत नाही.

आधी सही, मग पैसे

आता लॅपटॉपचा किस्सा. काही वर्षांपूर्वी एका कॅमेऱ्यासोबत स्वस्तातला इंजेक्टर आला होता. हा डबा केबलीत २४ व्होल्ट सोडतो, पलीकडे काय जोडले आहे ते न विचारता. एका कार्यक्रमाच्या दिवशी कॅमेऱ्याची केबल काढून एका स्वयंसेवकाने ती आपल्या लॅपटॉपला लावली. पोर्ट गेले. कारण तिने आम्हाला समजावले : लॅपटॉपच्या पोर्टात, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकांना तिळाएवढे ७५ ओहमचे रोधक असतात. दोन रोधकांचे १५० ओहम, त्यांच्यावर २४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४ वॅट उष्णता. तिळाएवढ्या वस्तूने ती सोसायची कुठे?

मानकाप्रमाणे बनवलेला स्विच असे कधी करत नाही. केबल लावल्यावर तो आधी फक्त ३ ते १० व्होल्टच्या दरम्यानचा हलका दाब देऊन पाहतो. पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध दिसला तरच हे वीज घेणारे उपकरण आहे असे तो मानतो. मोजमाप एकदा नव्हे, दोन वेगळ्या दाबांवर करतो आणि त्यांतला फरक पाहतो. लॅपटॉपचे १५० ओहम दिसले की वीज देत नाही. निरोपाचे काम मात्र चालू राहते. या २५ हजार ओहमला इंजिनियर लोक सिग्नेचर म्हणतात. हा शब्द ऐकला आणि आम्हाला एकदम काउंटरवर बसल्यासारखे वाटले. चेक आला की आधी नमुना सही काढून ताडून पाहायची, मग कॅशियरकडे पाठवायचा. सही जुळली नाही तर चेक परत; खात्यात कितीही शिल्लक असो. तो २४ व्होल्टचा डबा म्हणजे सही न पाहता पैसे देणारा कॅशियर. तो आम्ही आता इमारतीतून काढून टाकला आहे.

सही पटली की दुसरा प्रश्न : किती लागणार? स्विच दाब १५ ते २० व्होल्टच्या मधे नेतो आणि उपकरण किती प्रवाह घेते ते पाहतो. ९ ते १२ मिलिअँपिअर घेतला तर पहिला वर्ग, १७ ते २० घेतला तर दुसरा, २६ ते ३० घेतला तर तिसरा. ही झाली कर्जमर्यादा मंजूर करण्याची पायरी. पहिल्या वर्गाला स्विच ४ वॅट राखून ठेवतो, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला १५.४. हे सगळे एका सेकंदाच्या आतबाहेर उरकते आणि मगच पूर्ण दाब सुटतो. उपकरणाच्या बाजूने हे बोलणे एक छोटी चिप करते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ॲनालॉग डिव्हायसेस यांसारख्या कंपन्या अशा चिपा तयारच विकतात. वर्ग कोणता सांगायचा, ते चिपला जोडलेल्या एका रोधकाने ठरते.

निघाले १५.४, पोचले १२.९५

मानकातली एक जोडी आम्हाला बरेच दिवस सतावत होती. स्विचकडून १५.४ वॅट निघतात असे लिहिले आहे, पण उपकरणाने १२.९५ पेक्षा जास्त घ्यायचे नाही असेही लिहिले आहे. ही विचित्र संख्या आली कुठून? हिशेब मांडला तेव्हा ताळा दोन दशांशांपर्यंत जमला. स्विचने द्यायचा किमान दाब ४४ व्होल्ट, जास्तीत जास्त प्रवाह ०.३५ अँपिअर, गुणाकार १५.४. वाटेतला रोध २० ओहम. तारेत होणारा तोटा म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले २०, बरोबर २.४५. वजा केले की १२.९५. दाबाचेही तसेच, ४४ मधून ७ व्होल्ट गेले की ३७ उरतात. पेन्शनमधून टीडीएस कापून हातात येते तशी ही कपात. घर चालवायचे ते हातात आलेल्या रकमेवर.

उपकरण घडवताना हीच गोष्ट मुळाशी आहे. स्विचजवळ टेबलावर ठेवून घंटी उत्तम चालते. तिथे सगळे ४८ व्होल्ट मिळतात. पण शंभर मीटर केबलीच्या टोकाला, स्विचचा दाब किमान असताना, घंटी सर्वांत मोठ्या आवाजात वाजत असताना आणि दिवाही लागलेला असताना काय होईल, तेवढ्यावरच रचना करायची. अपघात नेमका अशाच वेळी व्हायचा.

आपल्या घंटीचा जमाखर्च असा. आतली चिप आणि नेटचा भाग १.२ वॅट, स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर आधी ५ वॅट, लाल दिवा ०.६ वॅट. एकूण ६.८. पण ४८ व्होल्टचे ५ आणि ३.३ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर स्वतः काही खातो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर केबलीतून ८.५ वॅट हवेत. म्हणजे तिसरा वर्ग, आणि स्विच प्रत्येक डब्यामागे १५.४ वॅट अडवून ठेवणार. सात डबे गुणिले १५.४ म्हणजे जवळजवळ १०८ वॅट. आम्ही पाहिलेला आठ पोर्टचा स्विच एकूण ६० वॅट देणारा. मोठा स्विच घेतला की मोठा यूपीएस आला, मोठी बॅटरी आली.

तिने स्पीकर ५ वरून ३ वॅटवर आणला. मग बेरीज ४.८, कन्व्हर्टर धरून ६ वॅट. त्यात आणखी सुमारे ०.२ वॅट घालायचे, ते का ते खाली येईल. एकूण ६.२. दुसऱ्या वर्गाची उपकरणाकडची मर्यादा ६.४९, म्हणजे काठावर का होईना, बसले. आता सात डबे गुणिले ७ म्हणजे ४९ वॅट. ६० च्या स्विचमध्ये आरामात. समितीतल्या एका सदस्यांचे म्हणणे होते की आवाज कमी करून उपयोग काय, भजनात ऐकू कसे येणार? त्यासाठी तिने ऑफिसातल्या डब्याशिवाय बाकीच्या पाचही घंट्या एकदम वाजाव्यात अशी सोय केली. एक मोठा भोंगा करण्यापेक्षा हे आम्हाला पटले. प्रत्यक्ष भजन चालू असताना चाचणी घेतली. पेटी-तबल्यावरूनही ऐकू आले, आणि भजनी मंडळींनी आम्हाला दोन शब्द सुनावलेही.

ते ०.२ वॅट कसले? स्विच वीज कोणत्या दोन जोड्यांवर देईल, आणि धन-ऋण कोणते टोक कुठे येईल, हे उपकरणाला आधी ठाऊक नसते. दोन्ही पद्धती मानकात बसतात आणि उपकरणाला दोन्ही चालल्या पाहिजेत. म्हणून तोंडाशीच डायोडचे दोन ब्रिज असतात. वीज कशीही आली तरी आत ती एकाच दिशेने जाते. वाटेत दोन डायोड लागतात, मिळून साधारण १.४ व्होल्ट खातात. प्रवाह ०.१५ अँपिअरच्या घरात, म्हणून ०.२ वॅट. डायोडऐवजी मॉस्फेट वापरून ही गळती बरीच कमी करता येते, पण भाग वाढतात. तिने केले नाही, आम्हीही आग्रह धरला नाही.

खरी चर्चा झाली ती एका पिनवरून. कोणीतरी सुचवले की घंटीला मागे एक ऑडिओची पिन द्या, म्हणजे हॉलच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडता येईल. आम्हाला वाटले, यात काय अवघड? तिने मान हलवली. घंटी पूर्ण प्लॅस्टिकच्या डब्यात असेल, बाहेर हात लागेल असा धातूचा भाग नसेल, तर आतला कन्व्हर्टर साधा चालतो. पण बाहेर पिन आली की ती दुसऱ्या यंत्राला जोडली जाणार, त्या यंत्राचे अर्थिंग वेगळे, आणि आपल्या केबलीचा थेट संबंध त्याच्याशी येणार. अशा वेळी केबलीची बाजू आणि पिनेची बाजू यांच्यामधे विजेची पक्की भिंत हवी. चाचणीत ती १५०० व्होल्टचा दाब मिनिटभर सोसली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे साधा कन्व्हर्टर काढून ट्रान्सफॉर्मरवाला घ्यायचा. खर्च वाढतो, डबा मोठा होतो.

शेवटी काय ठरले? पिन दिली नाही, पण ट्रान्सफॉर्मरवाला कन्व्हर्टरच घेतला. तिचे म्हणणे असे, की आज पिन नाही म्हणून साधा कन्व्हर्टर घातला, आणि चार वर्षांनी कोणी हौशी सभासदाने डबा उघडून स्वतःच पिन लावली तर? आपल्या मंडळातल्या हौशी मंडळींचा अनुभव असल्याने आम्ही खर्चाला लगेच संमती दिली.

पहिल्या नमुन्यात दोन चुका निघाल्या. एक तांत्रिक आणि चटकन सुटणारी : डब्याच्या तोंडाशी तिने ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला होता. वीज सुरू होताना तो रिकामा घडा भरतो तसा एकदम प्रवाह ओढतो, आणि स्विचला वाटते की पलीकडे शॉर्ट आहे. मानक १८० मायक्रोफॅरडपर्यंत स्विचवर भिस्त ठेवू देते. त्यापुढे प्रवाह आवरण्याची जबाबदारी उपकरणाची. कपॅसिटर लहान केला, काम झाले.

दुसरी चूक गमतीची. वीज वाचावी म्हणून तिने घंटीला रात्री झोपण्याची सोय दिली होती. झोपेत घंटी ०.२ वॅट घेई, म्हणजे ४-५ मिलिअँपिअर. नमुना ऑफिसात लावून आम्ही घरी गेलो. सकाळी चौकीदार सांगू लागला की डब्याचा दिवा रात्रभर लागत होता, विझत होता, आणि त्याने कपाटाला उदबत्ती ओवाळली! झाले होते असे, की उपकरणाने किमान १० मिलिअँपिअर तरी घेत राहावे, नाहीतर केबल उपटली गेली असे समजून स्विच अर्ध्या सेकंदाच्या आत वीज तोडतो. मग पुन्हा सही, पुन्हा मंजुरी, पुन्हा वीज. घंटी जागी होऊन पुन्हा झोपी, पुन्हा तोड. ज्या खात्यात व्यवहारच होत नाहीत ते बँक निष्क्रिय ठरवते, तेच हे. झोपेची सोय काढली. आता घंटी शांत असतानाही २ वॅटच्या आसपास घेते.

या जागेपणाचा एक फायदा झाला, आणि आमच्या मते तो सगळ्यांत मोठा आहे. प्रत्येक घंटी दर मिनिटाला ऑफिसातल्या डब्याला "मी आहे" असा निरोप पाठवते. सहा घंट्यांचे सहा हिरवे दिवे. एखाद्या घंटीचा निरोप तीन मिनिटे आला नाही, तर तिचा दिवा लाल होतो आणि डबा बारीक आवाजात कुरकुरू लागतो. खणात पडलेल्या ॲडॅप्टरसारखी गोष्ट आता महिनोन्‌महिने लपून राहणार नाही.

केबल आणि बॅटरी

केबलीच्या बाबतीत आम्ही जवळजवळ फसलो होतो. इलेक्ट्रिशियनने आणलेले बंडल निम्म्या किमतीचे होते आणि उचलताना हलके लागले. ब्लेडने तार खरवडली, तर वर तांबूस आणि आत पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वरच्या हिशेबातले २० ओहम तेवढ्याच लांबीत पुष्कळ वाढणार, आणि पोचणारे ३७ व्होल्ट त्याहून खाली जाणार. शिवाय अशी तार वाकवली की लवकर तुटते, आणि केबलींच्या जुड्यात तापते. मानकाला ती चालतच नाही. बंडल परत केले. आता शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल आली आहे. घरी कोणी कॅमेरे बसवत असेल तर बिल देण्याआधी ब्लेडने एक तार खरवडून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.

लाइट गेल्यावर सगळी भिस्त कपाटातल्या एका यूपीएसवर. सात डबे गुणिले २ वॅट म्हणजे १४, स्विचचे स्वतःचे ६ धरू, एकूण २०. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. भागाकार चार तास दाखवतो, पण यूपीएस स्वतः खातो आणि बॅटरी जुनी होत जाते. आम्ही दोन तास धरले आहेत. पूर्वी सात ठिकाणी सात ॲडॅप्टर सांभाळायचे, आता एकच बॅटरी. मात्र ती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. तो खर्च पुढच्या अंदाजपत्रकात दाखवला आहे, नंतर कोणी आश्चर्य व्यक्त करू नये.

फाटकाशेजारच्या चौकीला मात्र यंदा घंटी नाही. तिथवर केबल उघड्यावरून न्यावी लागते आणि आपल्या माळव्यातल्या विजा काय करतात ते सांगायला नको. प्रत्येक घंटीच्या तोंडाशी ५८ व्होल्टचा संरक्षक डायोड आहे, तो इमारतीतल्या छोट्या झटक्यांना पुरतो. जवळपास पडलेल्या विजेपुढे तो टिकणार नाही, आणि तांब्याची तार असल्यामुळे झटका स्विचपर्यंत येऊन बाकीच्या सहा घंट्याही घेऊन जाऊ शकतो. उघड्यावर काचेची ऑप्टिकल फायबर घालणे हा योग्य उपाय, पण काचेतून वीज जात नाही. चौकीत वेगळी बॅटरी ठेवावी लागेल. ते पुढच्या वर्षी पाहू. आणि ही घंटी आगीच्या इशाऱ्याची जागा घेत नाही, ती यंत्रणा वेगळी आहे आणि वेगळीच राहील.

सध्या जिन्याच्या वळणावरची आणि ज्येष्ठ नागरिक कक्षातली घंटी लागली आहे. उरलेल्या चार ठिकाणची केबल येत्या दोन रविवारी ओढली जाईल, तेव्हा सकाळी वाचनालय अकरापर्यंत बंद राहील. भिंतीवर पिवळी पट्टी असलेले नेटचे सॉकेट दिसले तर ते घंटीचे समजावे. तिथे चुकून लॅपटॉप लावला तर काही जळणार नाही, पण ऑफिसात एक दिवा लाल होईल आणि कोणीतरी वर धावत येईल. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला प्रत्येक घंटी एकदा दाबून पाहायची आहे. त्यासाठी सहा जणांची नावे हवी आहेत, जिना चढू शकणाऱ्यांनी ऑफिसातल्या वहीत लिहावीत. त्या ज्येष्ठ बाईंनी पहिले नाव स्वतःचेच लिहिले आहे, आणि जिन्याच्या वळणावरची घंटी मागून घेतली आहे.